गाठीतली ॲसिडिटी आणि काउंटरवरची गोळी: नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांना व केमिस्ट मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

मराठीत ‘ॲसिडिटी’ हा शब्द आपण सगळ्यांनी मिळून पित्ताला देऊन टाकला आहे. छातीत जळजळलं की ॲसिडिटी, सकाळची मिसळ बाधली की ॲसिडिटी, जागरण झालं की ॲसिडिटी. त्यामुळे ‘कॅन्सरच्या पेशींमधलं ॲसिडिटीचं नियंत्रण बिघडवणारी औषधं’ अशी बातमी मोबाइलवर फिरू लागली की घरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते: पँटोप्राझोलची स्ट्रिप. मग तो तुमच्याकडे येतो. काउंटरवर विचारतो, “ॲसिडिटीची गोळी दोनऐवजी चार दिल्या तर चालेल ना? गाठीतली ॲसिडिटी कमी होते म्हणतात.” दुसरा कोणी खाण्याचा सोडा किती चमचे द्यायचा ते विचारतो, तिसरा अल्कलाइन पाण्याच्या मशीनचं माहितीपत्रक पुढे करतो.

हे प्रश्न ऑन्कॉलॉजिस्टपर्यंत, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञापर्यंत, क्वचितच पोचतात. तिथे नातेवाईक घाबरलेले असतात आणि वेळ पाच मिनिटं असतो. प्रश्न येतात ते सिडकोतल्या, सातपूरच्या, पिंपळगावच्या दवाखान्यात आणि गोळे कॉलनीतून माल भरणाऱ्या तुमच्या दुकानात. म्हणून हे पत्र तुम्हाला. संशोधन खरं आहे, त्यामागचं तर्कशास्त्र फार देखणं आहे, आणि तुमच्या कपाटातली कुठलीही गोळी त्या संशोधनातलं औषध नाही. उलट कपाटातल्या काही गोळ्या चालू उपचाराचीच धार घालवतात. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी आम्ल नक्की कुठे असतं ते पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

निरोगी पेशीच्या आतला पीएच साधारण 7.2 असतो आणि बाहेरच्या द्रवाचा 7.4. म्हणजे आत किंचित जास्त आम्ल, बाहेर कमी. गाठीत हे चित्र उलटतं. बाहेरचा पीएच 6.5 ते 6.9 पर्यंत घसरतो आणि पेशीच्या आतला मात्र 7.2 किंवा त्याच्याही वर राहतो. आकडे जवळजवळचे दिसतात, पण ही पट्टी लॉगची आहे. 7.4 ला लिटरमागे 40 नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, 6.7 ला 200. पाचपट. ‘कॅन्सरची पेशी आम्लधर्मी असते’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. पेशी आतून अल्कधर्मी राहते आणि कचरा अंगणात फेकते. अंगणातल्या त्या आम्लाने शेजारच्या निरोगी पेशी मरतात, आधाराचं जाळं विरघळवणारी विकरं (एन्झाइम्स) जोमात येतात, गाठीत शिरलेल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, सुस्तावतात. आतल्या अल्कधर्मी वातावरणात पेशी-विभाजन मात्र झकास चालतं.

एवढं आम्ल येतं कुठून? 1920च्या दशकात ऑटो वॉरबुर्ग यांनी दाखवलं की गाठीच्या पातळ चकत्या ऑक्सिजन मिळत असतानाही ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवत राहतात. भरीला श्वसनातून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड. हे सगळं आत साठलं तर पेशी काही वेळात स्वतःच्याच आम्लात मरेल. ती मरत नाही, कारण तिच्या पडद्यावर आम्ल बाहेर काढणारी यंत्रणा खचाखच बसवलेली असते. औषधांचं लक्ष्य ही यंत्रणा आहे. रक्ताचा, पोटाचा किंवा लघवीचा पीएच बदलण्याशी तिचा संबंध नाही. कल्पना अशी, की पंप बंद करा, बाकीचं काम पेशीचं स्वतःचंच आम्ल करेल.

यंत्रणेचे चार मुख्य भाग आहेत. पहिला, एनएचई-1: एक सोडियम आत घेतो, एक हायड्रोजन बाहेर टाकतो. दुसरा, एमसीटी-1 आणि एमसीटी-4: लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन जोडीने बाहेर नेतात. तिसरा, व्ही-एटीपेज: एटीपी हे पेशीचं इंधन जाळून हायड्रोजन ढकलणारा मोठा पंप, एरवी लायसोझोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या भिंतीत असतो, काही गाठींत पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही येतो. चौथा कार्बोनिक अनहायड्रेज-9, आणि याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

हा पंप नव्हे, विकर आहे, आणि त्याचं काम करणारं तोंड पेशीच्या बाहेर असतं. आतला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून आपोआप बाहेर झिरपतो. बाहेर येताच हे विकर त्याचा पाण्याशी संयोग घडवतं: एक हायड्रोजन आयन, एक बायकार्बोनेट. हायड्रोजन बाहेरच राहतो. बायकार्बोनेट दुसऱ्या वाहकातून पुन्हा आत ओढलं जातं आणि आतलं आणखी आम्ल शमवतं. म्हणजे पेशी आम्ल वायूच्या रूपात बाहेर सोडते आणि त्याच वायूतून आपला अँटासिड परत मिळवते. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-1 नावाचं प्रथिन या विकराचा जनुक चालू करतं. ऑक्सिजनची चाहूल पेशीला कशी लागते यावरच्या कामाला 2019चं नोबेल मिळालं आहे. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये व्हीएचएल हा जनुक बिघडलेला असतो, त्यामुळे ऑक्सिजन असो नसो, हे विकर कायम भरपूर असतं. निरोगी शरीरात ते मुख्यतः जठराच्या अस्तरात आणि पित्ताशय व पित्तनलिकांत सापडतं. औषध बनवणाऱ्याला असं लक्ष्य हवंहवंसं वाटणारच.

तरीही पित्तनलिकांनी एकदा चांगलाच दणका दिला. रॉटरडॅममध्ये या विकराला ओळखणाऱ्या टी-पेशी मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना दिल्या; 2006 साली पहिले अनुभव छापले गेले. टी-पेशी गाठीवर जायच्या, पण पित्तनलिकांवरही तुटून पडल्या आणि यकृताची एन्झाइम्स चढली. याच विकरावरची गिरेन्टक्सिमॅब ही अँटिबॉडी शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत वापरली गेली, पण रुग्णांना फायदा दिसला नाही. तिला किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून केलेल्या स्कॅनने मात्र मूत्रपिंडातली गाठ क्लिअर सेल प्रकारची आहे का हे चांगलं ओळखलं. उपचारात नापास, तपासणीत पास. लहान रेणूंमध्ये एसएलसी-0111 हे नाव तुमच्या कानावर येईल. पहिल्या टप्प्यात 17 रुग्णांना ते दिलं गेलं, निकाल 2020 साली आले, पुढच्या चाचण्यांसाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅमची मात्रा सुचवली गेली. पहिला टप्पा म्हणजे औषध झेपतं का एवढंच पाहणं. आजार बरा होतो का हा प्रश्न तिथे विचारलेलाच नसतो. बातमी लिहिणारे हे वाक्य नेमकं गाळतात.

बाकीच्या तिघांचं थोडक्यात. एनएचई-1 रोखणारं कॅरिपोराइड हृदयासाठी बनवलं होतं. बायपास शस्त्रक्रियेच्या साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत हार्ट अटॅक कमी झाले, पण मेंदूचे झटके आणि मृत्यू वाढले. 2008 साली ते छापलं गेलं आणि औषध बाजूला पडलं. जुनं अमिलोराइड हा पंप थोडासा रोखतं, पण त्यासाठी लागणारी पातळी नेहमीच्या गोळीने रक्तात येत नाही, आणि डोस वाढवला तर पोटॅशियम आधी चढतं. एमसीटी-1 रोखणाऱ्या एझेडडी-3965 ची अडचण अशी की तोच वाहक डोळ्याच्या पडद्यालाही लागतो; चाचणीत रुग्णांच्या रेटिनाच्या विद्युत-आलेखात बदल दिसले. शिवाय पेशीकडे एमसीटी-4 असेल तर ती त्या दाराने लॅक्टेट काढते. जुनं रक्तदाबाचं औषध सायरोसिंगोपिन मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीसोबत प्रयोगशाळेत पेशी मारतं, असं बासेलच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं; ते दोन्ही दारं बंद करतं हे 2018 मध्ये. यावरून कुणी मेटफॉर्मिन मागायला आलं तर त्याला सांगा, एकटं मेटफॉर्मिन लॅक्टेट वाढवतं, कमी करत नाही.

आता व्ही-एटीपेज. गोंधळाचा खरा कारखाना इथे आहे, कारण या पंपावर प्रयोग झाले ते पँटोप्राझोल आणि इसोमेप्राझोलचे. व्ही-एटीपेजला घट्ट धरणारं बॅफिलोमायसिन माणसाला देण्यासारखं नाही, इतकं विषारी आहे. म्हणून संशोधक हाताशी असलेल्या पीपीआयकडे, म्हणजे पँटोप्राझोलच्या जातीच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांकडे, वळले. पण पीपीआय ही गोळी मुळात जठरातल्या वेगळ्या पंपासाठी घडवलेली आहे, आणि ती जशी दिली जाते तशी कामाची नसते. आम्लात गेल्यावरच तिचं सक्रिय रूप बनतं. तिचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला तिचे निम्मे रेणू प्रोटॉन (हायड्रोजन आयन) धरतात तो आकडा, 4 च्या आसपास. जठराच्या पेशीतल्या बारीक नळीत पीएच 1 च्या जवळ, तिथे ती रक्ताच्या मानाने हजारपट साठते आणि पेटते. गाठीबाहेरच्या 6.7 ला तिचा हजारातला दोनच भाग प्रोटॉन धरतो. शिवाय रक्तात ती तास-दीड तासात निम्मी होते. थोडक्यात, गाठीतलं ‘आम्ल’ पीपीआयच्या दृष्टीने आम्लच नाही. जठराच्या तुलनेत ते जवळजवळ साधं पाणी.

म्हणूनच टोरांटोच्या गटाने किमोआधी शिरेतून पँटोप्राझोल दिलं ते 240 मिलिग्रॅम, म्हणजे 40 च्या सहा व्हायल्स. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये डोसीटॅक्सेलसोबत ही जोडी झेपली, पण पुढे जाण्यासाठी आधी ठरवलेला टप्पा गाठू शकली नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एका छोट्या चिनी चाचणीत इसोमेप्राझोलच्या मोठ्या, मधूनमधून दिलेल्या डोसचा फायदा दिसला. तो मोठ्या चाचणीत पक्का होईपर्यंत त्यावर दुकान मांडता येत नाही. रोज सकाळी 40 ची एक गोळी, किंवा उत्साहात दोन, हा प्रयोग यांपैकी कोणीच केलेला नाही.

आणि त्या उत्साहाची किंमत काय ते पाहा. एर्लोटिनिब ही फुप्फुसाच्या कॅन्सरची टार्गेटेड, म्हणजे ठरावीक बिघाडावर नेम धरणारी, गोळी. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. ओमेप्राझोलसोबत दिलं तर रक्तातलं त्याचं एकूण प्रमाण 46 टक्क्यांनी घटतं. डासाटिनिब 43 टक्क्यांनी. पाझोपानिबही असंच घसरतं. म्हणजे महिन्याला मोठा खर्च करून, किंवा योजनेतून धडपडून मिळवलेल्या गोळीची निम्मी ताकद दहा-बारा रुपयांच्या गोळीने खाल्ली. रुग्णाला काही दुखत नाही, उलट साइड इफेक्ट कमी झाल्यासारखे वाटतात, सगळे खूश. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असा शेरा बसतो.

सगळ्या टार्गेटेड गोळ्यांना हे लागू नाही, आणि सरसकट घाबरवणंही चूकच. इमाटिनिब आणि ओसिमर्टिनिबवर ओमेप्राझोलचा दखल घेण्यासारखा परिणाम होत नाही. कॅपेसिटाबिनचं चित्र संमिश्र आहे: काही विश्लेषणांत पीपीआय घेणाऱ्यांचं आयुष्यमान कमी दिसलं, काहींत नाही, त्यामुळे तिथे ऑन्कॉलॉजिस्टला विचारणं बरं. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटमध्ये अडचण वेगळीच आहे: पीपीआयमुळे मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो आणि ते विषारी ठरू शकतं. तिथे डोसच्या आधीपासून पीपीआय थांबवतात.

मग एर्लोटिनिबवरच्या रुग्णाला खरंच जळजळ होत असेल तर? पीपीआय आणि एर्लोटिनिबमध्ये तासांचं अंतर ठेवून भागत नाही, कारण पीपीआयने बंद केलेला पंप पुन्हा बनायला दिवस लागतात. फॅमोटिडिनला, म्हणजे ॲसिडिटीच्या दुसऱ्या जातीच्या गोळीला, मात्र वेळेने चकवता येतं. नियम असा: फॅमोटिडिननंतर निदान 10 तासांनी आणि पुढच्या फॅमोटिडिनच्या निदान 2 तास आधी एर्लोटिनिब. प्रत्यक्षात सकाळी 7 ला उपाशीपोटी एर्लोटिनिब, 8 नंतर नाश्ता, 9 ला फॅमोटिडिन, लागलंच तर रात्री 9 ला दुसरी. रात्री 9 ते सकाळी 7, बरोबर 10 तास. गेफिटिनिबला पीपीआय टाळता येत नसेल तर दोन्हींत 12 तास ठेवायला सांगतात. फॅमोटिडिन किंवा पातळ अँटासिड असेल तर 6 तास. डासाटिनिबसोबत पीपीआयही नको, फॅमोटिडिनही नको. पातळ अँटासिड चालतं, पण डासाटिनिबच्या 2 तास आधी किंवा 2 तास नंतर. ज्याला स्टिरॉइड, वेदनाशामक किंवा जुन्या अल्सरमुळे पीपीआय लागूच आहे त्याची गोळी मात्र काउंटरवरून बंद करू नका. ऑन्कॉलॉजिस्टला फोन लावा. पोटातला रक्तस्राव ही लहान गोष्ट नाही.

जाता जाता एक. पँटोप्राझोल आपल्याकडे बहुतेक वेळा डॉमपेरिडोनसोबत एकाच कॅप्सूलमध्ये जातं. किमोचा रुग्ण ऑन्डानसेट्रॉन या उलट्यांवरच्या औषधावर असतो. दोघंही हृदयाचा क्यूटी, म्हणजे ईसीजीवरचं एक अंतर, लांबवतात, आणि त्याने ठोके बिघडू शकतात. निलोटिनिब असेल तर तिसरा भिडू.

आता सोडा. हा रविवार कारंजावर कोणत्याही किराणा दुकानात मिळतो, त्यामुळे त्याला चिठ्ठी लागत नाही आणि त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही. मूळ प्रयोग 2009 चा, उंदरांवरचा: पिण्याच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम सोडा. स्तनाच्या कॅन्सरचं पसरणं कमी झालं. मूळ गाठ लहान झाली नाही, हे वाक्य फॉरवर्डमध्ये नसतं. संशोधकांनी माणसासाठी काढलेला समतुल्य डोस 70 किलोच्या माणसाला दिवसाला 12 ग्रॅमच्या घरात होता. फ्लोरिडातल्या मॉफिट केंद्रात माणसांवर चाचण्या सुरूही झाल्या, पण त्या चवीपायी आणि पोटाच्या त्रासापायी रुग्ण टिकले नाहीत.

12 ग्रॅम सोड्यात सोडियम असतं 3.3 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2 ग्रॅम, आणि आपलं लोणचं-पापड त्याआधीच ती ओलांडून बसलेलं असतं. सपाट एक चमचा सोडा म्हणजे सुमारे 5 ग्रॅम. बीपी आणि पायांची सूज असलेल्या आजोबांना असे अडीच चमचे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

सोडियमपेक्षा घातक जोडी सिसप्लॅटिन या किमोच्या औषधाची. सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंडातून मॅग्नेशियम वाहून जातं, मागोमाग पोटॅशियम. वरून सोडा दिला की रक्त अल्कधर्मी होतं, पोटॅशियम पेशींमध्ये आणि लघवीत जातं, आयनरूप कॅल्शियम घटतं. रुग्ण हात वाकडे होतात, ओठांभोवती मुंग्या येतात म्हणून तुमच्याकडे येतो. इथे फसायला जागा आहे. ऑक्सॅलिप्लॅटिननेही मुंग्या येतात, पण त्या थंड पाण्याला किंवा फ्रीजच्या दांड्याला हात लावल्यावर उठतात. थंडीशी संबंध नसेल तर सोड्याबद्दल विचारा, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमसोबत रक्तातलं बायकार्बोनेटही तपासायला पाठवा. ते 30 च्या वर आलं, उलट्या नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी नाही, तर डबा स्वयंपाकघरात सापडेल.

ॲसिटाझोलामाइडमुळे येणाऱ्या मुंग्या तिसऱ्या. काचबिंदूची ही गोळी ‘कार्बोनिक अनहायड्रेज रोखते’ एवढं वाचून मागणारे आता भेटतात. रोखते, पण लाल पेशींतलं आणि मूत्रपिंडातलं आधी. परिणाम असा की बायकार्बोनेट लघवीतून वाहून जातं आणि रक्त उलट आम्लाकडे झुकतं. एका हाताने सोडा आणि दुसऱ्या हाताने ॲसिटाझोलामाइड, असा रुग्ण एकाच वेळी गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबत असतो, आणि पोटॅशियम दोन्हींनी जातं.

सोड्याचे रास्त उपयोग आहेतच, त्यांवर गदा नको. तोंड आलेल्या रुग्णाला गुळण्यांसाठी लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा, गिळायचं नाही. धुण्याचा सोडा चुकूनही नको, तो कार्बोनेट आहे आणि तोंड भाजतं. मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटच्या वेळी लघवीचा पीएच 7 च्या वर ठेवायला वॉर्डात बायकार्बोनेट देतात. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही देतात. त्या रुग्णांची गोळी हे पत्र वाचून कोणी थांबवू नये.

अल्कलाइन पाण्यावर फार शब्द घालवण्यासारखं काही नाही, पण एक हिशेब कागदावर करून दाखवा, लोक लगेच समजतात. पीएच 9 च्या पाण्यात लिटरमागे हायड्रॉक्साइड 0.01 मिलिमोल. दिवसाला तीन लिटर प्यायलं तर 0.03. जठररसाचा पीएच 1 धरला तर एका मिलिलिटरमध्ये आम्ल 0.1 मिलिमोल. म्हणजे तीन लिटर पाण्याचा तो हायड्रॉक्साइड शमवायला जठररस लागतो 0.3 मिलिलिटर. सहा थेंब. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट याहून जास्त आम्ल शमवतं, पण ते साध्या पाण्यातही असतं. शरीर स्वतः रोज 60 ते 70 मिलिमोल आम्ल तयार करून मूत्रपिंडावाटे टाकतं, ते वेगळंच.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्याला हे अजून सोप्या भाषेत सांगता येतं. पीएचला तो सामू म्हणतो आणि रोज हाताळतो. फवारणीच्या टाकीत थोडं सायट्रिक ॲसिड टाकलं की पाण्याचा सामू झटक्यात उतरतो, कारण त्या पाण्यात धरून ठेवणारं फारसं काही नसतं. तेच ॲसिड चुनखडीच्या जमिनीत ओतलं तर सामू जागचा हलत नाही. चुना ते पिऊन टाकतो. रक्त हे चुनखडीचं रान आहे. बायकार्बोनेट, फुप्फुसं आणि मूत्रपिंड मिळून त्याला 7.35 ते 7.45 च्या पट्ट्यात धरून ठेवतात. पट्टीवर लघवी 8 दिसली म्हणजे मूत्रपिंडाने जास्तीचा सोडा बाहेर फेकला, एवढंच. गाठीतला पीएच त्या पट्टीवर कधीच दिसत नाही. तो मोजायला खास एमआरआय किंवा सूक्ष्म इलेक्ट्रोड लागतात, तेही संशोधनात.

एक शंका चौकस नातेवाईक विचारतील: गाठीबाहेरचं आम्ल कमी केलं तर किमो जास्त लागू पडेल का? उत्तर औषधावर अवलंबून आहे. पू झालेल्या नखुरड्यात लिग्नोकेन का लागत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे: आजूबाजूच्या आम्लात ते प्रोटॉन धरतं, भारित होतं आणि चेतातंतूच्या पडद्यातून आत शिरत नाही. डॉक्सोरुबिसिनचं तसंच आहे, तोही दुर्बळ अल्क. बाहेर आम्ल असलं की तो बाहेरच अडकतो. क्लोरॅम्बुसिल दुर्बळ आम्ल, त्याला बाहेरचं आम्ल उलट आत ढकलतं. बाहेरचं आम्ल घालवलं तर एकाला दार उघडतं आणि दुसऱ्याला बंद होतं. ‘अल्कधर्मी करा’ ही सरसकट सूचना कोणत्याही रसायनशास्त्रात बसत नाही.

कोणी या वर्गातल्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याची संधी आहे असं सांगत आलं तर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक मागा. 15 जून 2009 पासून देशातल्या औषध-चाचण्यांची नोंद तिथे बंधनकारक आहे, क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, आणि तो कोणालाही फुकट तपासता येतो. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे इथे मराठीत हवं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील तर तिथेच थांबायला सांगा. ‘पीएच बदलून कॅन्सर बरा’ अशी पत्रकं दुकानात ठेवायला कोणी देऊन गेलं तर ती ठेवू नका. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे.

तुमच्याकडून आम्हाला हव्या आहेत दोन कृती, दोन्ही मिळून मिनिटभराच्या. पीपीआय, फॅमोटिडिन किंवा अँटासिड देताना विचारायचं, “घरात कोणाला कॅन्सरची गोळी चालू आहे का? तिचं नाव काय?” नाव आठवत नसेल तर स्ट्रिपचा फोटो मागवायचा. आणि टार्गेटेड गोळी देताना तिच्या वेष्टनावर पेनाने वेळ लिहायची: ‘स. 7, उपाशी’, आणि त्याखाली ‘ॲसिडिटीची गोळी विचारल्याशिवाय नको’. परळला टाटा हॉस्पिटलमधून पंचवटी एक्सप्रेसने परत आलेल्या माणसाकडे फाइल असते जाडजूड, पण पुढचे तीस दिवस त्याच्या हातात असते ती स्ट्रिपच.

आपले,
औषधनिर्माणशास्त्र व जीवरसायनशास्त्राचे काही शिक्षक आणि रुग्णालयांतले फार्मासिस्ट, नाशिक